आईवडिलांचा फोन काढून न घेता त्यांना ह्या 'डिजिटल अटक'वाल्यांपासून (व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस होऊन लुटणाऱ्यांपासून) कसं वाचवायचं?

पुण्यातली_तासगावकर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ७४, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले. आई सत्तरीची. दोघंच तासगावला असतात, मी पुण्यात, भाऊ बंगळूरला. मध्यंतरी अण्णांना एक फोन आला, आधी रेकॉर्ड केलेला आवाज की तुमचा मोबाईल नंबर दोन तासांत बंद होणार, अधिक माहितीसाठी ९ दाबा. अण्णांनी दाबला. मग एक माणूस ट्रायमधून (दूरसंचार नियामक) बोलतोय म्हणाला, तुमच्या आधारवर मुंबईत दुसरं सिम निघालंय, त्यावरून लोकांना धमक्यांचे मेसेज गेलेत, तुमच्यावर गुन्हा दाखल आहे, आणि कॉल तिथूनच 'क्राइम ब्रँच'ला जोडून दिला. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल. समोर खाकी वर्दी, मागे भिंतीवर अशोकस्तंभ, टेबलावर फायली, मधून मधून वायरलेसचा आवाज. खोलीचं दार लावून घ्या, बायकोला सांगितलं तर तिलाही आरोपी करावं लागेल, कुठल्या बँकेत किती आहेत ते वाचून दाखवा. सगळं हिंदीतून, आणि 'सर, सर' करत.

आई मंडईत गेली होती. परत आली तर दार आतून बंद, हाक मारली तर अण्णा ओ देईनात. तिला वाटलं चक्कर येऊन पडले. तिने शेजारच्या काकांना बोलावलं, त्यांनी दार वाजवून वाजवून उघडायला लावलं, फोन हातातून घेतला आणि बंद केला. पैसे गेले नाहीत. पण तोवर अण्णांनी सगळ्या एफडींची यादी त्या लोकांना वाचून दाखवली होती आणि आधारचा फोटो पाठवला होता.

आता खरी अडचण सांगते. भाऊ म्हणतो नेटबँकिंग बंद करा, साधा बटणाचा फोन घ्या, इथून पुढे सगळे व्यवहार मी बघतो. त्यावर अण्णा फक्त एवढंच म्हणाले की मी निवडणुकीत केंद्राध्यक्ष म्हणून काम केलंय, शाळेच्या अनुदानाचा पैसा न पैसा जुळवलाय, आता लाइटबिल भरायला तुझी परवानगी काढायची का. आणि उठून गेले. तेव्हापासून ह्या विषयावर घरात कुणी बोलत नाही. अनोळखी नंबर वाजला की ते फोन पालथा घालून ठेवतात.

तर मला दोन्ही हवंय. पैसे सुरक्षित राहायला हवेत आणि अण्णांचा कारभार अण्णांच्याच हातात राहायला हवा. बँकेत काय करून घेता येतं, फोनमध्ये काय करायचं, आणि त्यांच्याशी बोलायचं कसं, ज्यांनी घरात हे निभावलंय त्यांनी प्लीज लिहा.

रिटायर्ड_काउंटर

ताई, बँकेचं मी सांगतो, नोकरीची सगळी वर्षं काउंटरच्या आतच गेली.

आमच्या शाखेत एकदा एक आजोबा आले, नेहमीचे, पेन्शन आमच्याकडेच. हातात एफडीच्या पावत्या, सगळ्या मोडा आणि ह्या खात्यावर आरटीजीएस करा, म्हणजे सगळी रक्कम थेट तिकडे पाठवा, म्हणाले. त्यातली एक पावती दोन आठवड्यांत मॅच्युअर होणार होती, एवढं व्याज सोडून कोण मोडतं? विचारलं कशासाठी, तर नातवाच्या अ‍ॅडमिशनला. उत्तर तयार होतं पण माणूस माझ्याकडे बघत नव्हता. आणि शर्टाच्या खिशात मोबाईल उभा, कॅमेरा वर डोकावतोय, कापडातून स्क्रीनचा उजेड दिसतोय. मी पैसे काढायच्या स्लिपच्या मागे लिहिलं, 'फोनवर कोणी ऐकतंय का, नुसती मान हलवा' आणि स्लिप काउंटरच्या आतल्या बाजूला खाली धरली, फक्त त्यांनाच दिसेल अशी. त्यांनी वाचलं, मान हलवली, आणि डोळ्यांत पाणी आलं. मग सही जुळत नाही, साहेबांकडे चला असं मोठ्याने म्हणून केबिनमध्ये नेलं, शिपायाने फोन बाहेर ठेवून घेतला आणि आम्ही त्यांच्या मुलीला फोन लावला. पैसे जाणार होते ते खातं परराज्यातल्या कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीचं होतं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की ह्या प्रकारात पैसा बहुतेक वेळा ओटीपी चोरून जात नाही, म्हातारा माणूस स्वतः सही करून देतो. त्यामुळे 'ओटीपी कुणाला देऊ नका' हे घोकून घेऊन इथे काहीच उपयोग नाही. मधे कुठेतरी एक दुसरा माणूस यायला हवा, एवढंच बघायचं.

त्यासाठी मोठ्या रकमेच्या एफडी अण्णा आणि आई दोघांच्या नावावर करा, पण फॉर्मवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही एक) न टाकता 'जॉइंटली' (दोघं मिळून) टाका. मग मुदतीआधी मोडायला दोघांच्याही सह्या लागतात. मुलगा-मुलगी कुणी मधे आलं नाही, त्यांचा पैसा त्यांचाच राहिला, पण एकट्याने दार लावून घेऊन तो मोडता येत नाही. एक लक्षात ठेवा, 'जॉइंटली'मध्ये दोघांपैकी एकजण गेला तर मागे राहिलेल्याला वारसांसकट कागदपत्रं करावी लागतात, म्हणून नॉमिनी आणि सूचना आत्ताच नीट लिहून घ्या, हे शाखेत बसून समजून घ्या, घाई करू नका.

मग पेन्शनचं खातं आणि रोजचं खातं वेगळं. यूपीआय फक्त रोजच्या खात्याला, त्यात महिन्याच्या किराणा, औषधं, बिलांपुरते पैसे. नेटबँकिंग बंद करायची गरज नाही, त्यातली ट्रान्सफरची रोजची मर्यादा खाली आणता येते, ते अण्णांनी स्वतः अ‍ॅपमध्ये बसून करावं. एफडी ऑनलाइन मोडायची सोय बंद करून मिळते का ते शाखेत विचारा, बऱ्याच ठिकाणी अर्ज दिला की करतात.

आणि सगळ्यात साधं म्हणजे एकदा अण्णांना बरोबर घेऊन मॅनेजरला भेटा आणि सांगा की असा फोन येऊन गेलाय, हे कधी एकटे येऊन एफडी मोडायला लागले तर आम्हाला विचारा. तालुक्याच्या शाखेत माणसं ओळखतात, लक्ष ठेवतात.

एक_वाचक_ठाणे

मी तर सरळ म्हणेन की स्मार्टफोन काढून घ्या. पाच-दहा दिवस रागावतील मग सवय होईल. पैसे गेल्यावर रडण्यापेक्षा बरं. आमच्या सोसायटीत दोन जणांचे गेलेत, दोघंही चांगले शिकलेले.

संघाचा_चिटणीस_सातारा

ठाणेकर, मी ७२ वर्षांचा आहे, ज्येष्ठ नागरिक संघाचं काम बघतो, तुमच्या काळजीचा आदर ठेवून सांगतो की हे करू नका. स्मार्टफोन गेला की नातवंडांचा व्हिडिओ कॉल गेला, भजनी मंडळाचा ग्रुप गेला, दवाखान्याची अपॉइंटमेंट गेली आणि माणूस एकटा पडला. ज्याला दिवसभर कुणी बोलायला नाही त्याच्याशी गोड बोलून दोन तास घालवणं ह्या लोकांना फार सोपं जातं. शिवाय फसवणूक साध्या फोनवरही होतेच, खोटा पोलीस काय किंवा खोटा बँकवाला काय, त्याला नुसता आवाज पुरतो.

ताई, तुमच्या अण्णांचं मला नीट कळतं. आमच्या पिढीला सरकारी कागदाचा धाक आहे. दारात पोलीस येणं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही, असं आम्ही लहानपणापासून बघितलंय. ज्याने आयुष्यात कुणाचे चार आणे बुडवले नाहीत तोच ह्या फोनला जास्त घाबरतो, कारण त्याला अब्रू जपायची असते. त्यात हव्यास कुठेच नाही, म्हणून 'लोभ केला म्हणून फसले' ही भाषा घरात चुकूनही येऊ देऊ नका.

आमच्या विरंगुळा केंद्रात आम्ही हे चक्क करून बघतो. एकजण इन्स्पेक्टर होतो, चांगला दरडावतो, दुसऱ्याने फोन घ्यायचा. पहिल्यांदा सगळे अडखळतात, खोटं आहे हे माहीत असूनही छाती धडधडते, मग दोन-तीन वेळा केलं की तोंडात वाक्य बसतं. वाक्य एकच ठेवलंय: 'साहेब, मी माझ्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जाऊन बोलतो.' आणि फोन ठेवायचा. पुढचं ऐकायचंच नाही, वाद घालायचा नाही, त्याला खोटं पाडायला जायचं नाही, कारण बोलत राहिलं की ते पकड घेतात. फोन ठेवणं म्हणजे समोरच्याचा अपमान, असं आमच्या लोकांना वाटतं, ती भीड मोडायला हा सराव लागतो.

तुमचे अण्णा मुख्याध्यापक होते ना, मग त्यांना तासगावच्या संघात ह्या विषयावर बोलायला सांगा. जे घडलं ते त्यांच्याच तोंडून लोकांनी ऐकलं तर चार घरं वाचतील. आणि घरात ज्या विषयावर ते गप्प झालेत तो विषय त्यांच्या हातात येईल. आमच्याकडे एका निवृत्त तलाठ्याने असंच केलं, आता गावातली माणसं शंका आली की आधी त्यांना फोन करतात.

पेन्शनवाल्यांसाठी अजून एक. नोव्हेंबर जवळ आला की हयातीच्या दाखल्याच्या नावाने फोन सुरू होतात. त्यांच्याकडे तुमचं नाव, निवृत्तीची तारीख, पीपीओ म्हणजे पेन्शन ऑर्डरचा नंबर, सगळं असतं, म्हणून खरं वाटतं. दाखला बँकेत जाऊन द्यायचा किंवा सरकारच्या जीवन प्रमाण ह्या ऑनलाइन सोयीवर स्वतः करायचा, फोनवर तो कुणीही 'करून देत' नाही आणि त्यासाठी फोन करून ओटीपी तर कुणी मागूच शकत नाही.

कोर्ट_रोड

वकिली करतो म्हणून कायद्याच्या बाजूने थोडं लिहितो, अण्णांना वाचून दाखवलं तरी चालेल, शिक्षक माणसाला कलम दाखवलं की पटतं.

'डिजिटल अटक' नावाची गोष्ट भारतीय कायद्यात कुठेही नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यातही नाही. उलट त्यात काय आहे ते बघा. कलम ४८ प्रमाणे अटक केली की त्या माणसाच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. म्हणजे खरा पोलीस कायद्यानेच घरच्यांना सांगायला बांधलेला आहे, आणि हा फोनवरचा म्हणतो बायकोला सांगू नका. एवढ्या एका गोष्टीवर खरा-खोटा ओळखता येतो. कलम १७९ प्रमाणे साठीच्या पुढच्या पुरुषाला आणि कुठल्याही स्त्रीला साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यावर बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या राहत्या घरी यायचं असतं. कलम ३५ मध्ये असंही आहे की तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या वरच्या माणसाला डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की हजर राहायची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालणार नाही, ती कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनेच द्यायची.

ते जे 'चौकशीपुरते पैसे आरबीआयच्या खात्यात ठेवा, तपासून परत करू' म्हणतात, तसं कुठलंही खातं नसतं. आरबीआय सामान्य माणसाची बँक खाती ठेवतच नाही.

अण्णांना हेही सांगा की ते ह्यात एकटे नाहीत. २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान ग्रुपच्या ८२ वर्षांच्या अध्यक्षांना ह्याच पद्धतीने ७ कोटींना लुटलं, त्यांना तर सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणीसुद्धा ऑनलाइन दाखवली, खोट्या सरन्यायाधीशांसकट. एवढा मोठा उद्योग सांभाळणारा माणूस. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याचं एक कोटीहून जास्त गेलं, त्यांनी थेट सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ ला देशभरातल्या डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये ह्यावर बोलून सावध केलं होतं. ज्या गोष्टीची एवढी मोठी दखल घ्यावी लागली तिला एक निवृत्त शिक्षक तासभर घाबरला तर त्यात कमीपणा काय?

गोदाकाठची

मी नाशिकची. माझ्या आईचे गेले. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, अख्खी नोकरी रात्रपाळ्या करून जमवलेले. रक्कम लिहीत नाही.

तिला दोन रात्री व्हिडिओ कॉल चालू ठेवायला लावला होता. झोपताना फोन उशाशी, कॅमेरा तिच्याकडे. सकाळी 'गुड मॉर्निंग मॅडम, चहा घेतला का' असं विचारायचे. दुपारी दुसरा येऊन ओरडायचा, मग पहिला येऊन म्हणायचा मी साहेबांना समजावतो, तुम्ही माझ्या आईसारख्या आहात. मी त्या दोन दिवसांत तिला फोन केले होते, ती म्हणाली डोकं दुखतंय, नंतर बोलते. तिच्या समोर तो बसलेला होता आणि काय बोलायचं ते सांगत होता.

नंतर जे झालं ते पैसे जाण्याहून वाईट होतं. येणारा प्रत्येक नातेवाईक तिला एकच विचारायचा, 'तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हाला कळलं कसं नाही?' ती हळूहळू बोलायचीच बंद झाली. जेवण कमी, देवळात जाणं बंद. आम्हाला डॉक्टरकडे न्यावं लागलं, औषधं चालू आहेत, आता बरी आहे.

ताई, तुम्ही अण्णांचा मान जपायचा विचार करताय ते अगदी बरोबर आहे आणि तुमच्या भावालाही हे समजावा. ज्या घरात चूक सांगितली की बोलणी बसतात त्या घरात आई-वडील पुढच्या वेळीही लपवणार, आणि त्या चोरांना तेच हवं असतं. त्यांचा सगळा डाव 'कुणाला सांगू नका' ह्या एका वाक्यावर चालतो. आमच्याकडे आता असं ठरलंय की आईला कसलाही विचित्र फोन आला की ती मला नुसता मिस्ड कॉल देते, मी मीटिंगमध्ये असले तरी उठून बाहेर येऊन तिला लावते. कधी तो खरंच बँकेचा फोन निघतो, कधी सिलिंडरवाल्याचा. मी एकदाही 'एवढ्यासाठी कशाला फोन केलास' म्हणत नाही आणि म्हणणारही नाही.

शेजारच्या काकांचाही नंबर त्यात घ्या. त्या दिवशी तुमचं घर त्यांच्यामुळे वाचलंय.

पुण्यातली_तासगावकर

सगळ्यांचे खूप आभार. गोदाकाठताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, वाचून कितीतरी वेळ काही सुचलं नाही.

'जॉइंटली'चं मला माहीतच नव्हतं, अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले हे पटतं, शाळेच्या खात्यावर पण मुख्याध्यापक आणि अध्यक्ष दोघांच्या सह्या लागायच्या. म्हणजे आता दोघं मिळून बँकेत जातील.

अजून एक विचारायचंय. त्यांनी आधारचा फोटो आणि एफडीची माहिती आधीच देऊन टाकलीये, पैसे मात्र गेले नाहीत, मग तक्रार करायची का? आणि ते 'दुसरं सिम निघालंय' हे खरं असेल का, अण्णांच्या मनातून ते जातच नाहीये.

मोबाईल_दुरुस्ती_कोथरूड

सिमचं दोन मिनिटांत बघता येतं. सरकारच्या संचार साथीच्या साइटवर किंवा अ‍ॅपमध्ये अण्णांचा नंबर टाकून ओटीपी दिला (इथे ओटीपी आपण स्वतः टाकतोय म्हणून चालतं) की त्यांच्या नावावर किती मोबाईल नंबर चालू आहेत ते दिसतं. त्यांचा नसलेला एखादा निघालाच तर तिथूनच 'माझा नाही' म्हणून कळवता येतं. हे अण्णांना स्वतःच्या हाताने करू द्या, डोळ्यांनी बघितलं की मनातलं जाईल. त्यातच 'चक्षू' म्हणून भाग आहे, पैसे न जाता नुसता फसवा कॉल किंवा मेसेज आला असेल तर तो नंबर तिथे कळवायचा. तुमची केस तीच. स्क्रीनशॉट असेल तर जपून ठेवा.

आधारचं म्हणाल तर माय-आधार ह्या सरकारी साइटवर जाऊन बायोमेट्रिक लॉक करून टाका, अंगठा लावून पैसे काढायचे प्रकार त्याने थांबतात, गरज पडेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं.

फोनमध्ये मी माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या आजी-आजोबांना एवढं करून देतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये प्रायव्हसीत कॉल्समध्ये जाऊन अनोळखी कॉलची रिंग बंद, कॉल आला तर यादीत दिसतो पण वाजत नाही, म्हणजे तो वर्दीवाला व्हिडिओ कॉल वाजणारच नाही. ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं तिथे फक्त 'माझे कॉन्टॅक्ट्स', कारण शेअर बाजाराचे खोटे ग्रुप तिथूनच सुरू होतात. टू-स्टेप पिन लावायचा. लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघायचं, कुणाचा कॉम्प्युटर जोडलेला आहे का. आणि सेटिंगमध्ये बाहेरून अ‍ॅप टाकायची परवानगी बंद, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण हल्ली आरटीओचं चलान, लग्नपत्रिका, लाइटबिल ह्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये बाहेरून प्रोग्राम टाकणारी फाइल) येते, उघडली की फोनमधले सगळे मेसेज ओटीपीसकट तिकडे जातात. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती 'इन्स्टॉल करा' म्हणत नाही. स्क्रीन शेअरही तसंच, फोनवरचा माणूस कुठलंही अ‍ॅप टाकायला सांगून स्क्रीन दाखवा म्हणाला की फोन ठेवायचा.

अजून, कुणी स्टारने सुरू होणारा नंबर डायल करायला सांगितलं तर करायचा नाही, त्याने कॉल दुसरीकडे वळतात. शंका असेल तर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग निघून जातं.

बँकांचे सर्व्हिसचे कॉल आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला लागलेत, जाहिरातीचे १४० वरून. साध्या दहा आकडी मोबाईलवरून 'बँकेतून बोलतोय' म्हणाला की तिथेच थांबायचं. पण १६०० दिसला म्हणून पिन सांगायचा असं नाही हं, पिन कुणालाच नाही. आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हे फोनच्या कव्हरच्या आत कागदावर लिहून ठेवलं तरी चालेल.

जाता जाता, तिकडे बोलणारा प्रत्येकजण मनाने बसलेला असतोच असंही नाही. म्यानमार, कंबोडियात अशी मोठी आवारं आहेत, नोकरीचं आमिष दाखवून पोरं तिकडे नेतात आणि मारहाण करून हीच कामं करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या म्यावडी भागातून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं होतं. घरातल्या मोठ्यांना हे सांगितलं की त्यांना कळतं की समोर एखादा भुरटा नव्हता, अख्खा कारखाना होता, स्क्रिप्ट लिहून दिलेला.

रिटायर्ड_काउंटर

ताई, माहिती गेलेली आहे म्हणजे अण्णांना पुन्हा फोन येणार हे धरून चाला. पुढच्या वेळी ट्राय नसेल, 'तुमच्या एफडीची केवायसी' असेल, आणि समोरचा एफडीची नेमकी रक्कम सांगेल. रक्कम बरोबर सांगितली म्हणजे बँकेचा माणूस असं अण्णांना वाटायला नको, ती त्यांनीच वाचून दाखवलेली आहे. ज्यांचे पैसे गेलेत त्यांना तर 'पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' म्हणून दुसऱ्यांदा लुटतात, गोदाकाठताई, तुम्हीही सांभाळा.

एक_वाचक_ठाणे

सगळं वाचलं. माझ्या वडिलांना फोन काढून घ्यायचं मनात होतं, ते आता करत नाही. चिटणीस काका, तो इन्स्पेक्टरचा सराव आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये घ्यायचाय, रविवारी मीटिंगमध्ये मांडतो.

कोर्ट_रोड

एक राहिलं, देव न करो पण कुणाच्या घरी पैसे गेलेच तर काय, ते लिहून ठेवतो म्हणजे ऐनवेळी शोधत बसायला नको.

पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, त्याच क्षणी. आधी घरात चर्चा, मग नातेवाईक, मग ओळखीचा पोलीस असं करत बसू नका, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात तासाभरातच पसरतो आणि काही एटीएममधून रोख निघतो. १९३० वाले ज्या खात्यात पैसा गेला त्या बँकेला कळवून जेवढा शिल्लक असेल तेवढा तिथेच रोखून धरतात. तक्रार नंबर मिळतो तो जपा. त्यानंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तपशील भरायचा आणि पोलीस ठाण्यात एफआयआर. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवलं तर शून्य क्रमांकाने एफआयआर घ्यावी लागते, संहितेच्या कलम १७३ मध्ये ते आहे. रोखलेला पैसा परत मिळायला बहुतेक वेळा कोर्टाचा आदेश लागतो, वकील लावून अर्ज करा, वेळ लागतो पण मिळू शकतो. जो रोखला गेला नाही त्याची आशा कमी असते, हे स्पष्ट सांगतो, म्हणून पहिला तास महत्त्वाचा. स्वतः सही करून केलेल्या आरटीजीएसची भरपाई बँक सहसा देत नाही.

फोन करताना जवळ ठेवायचं ते म्हणजे ज्या खात्यातून गेले तो नंबर, किती वाजता गेले, आणि व्यवहाराचा यूटीआर किंवा संदर्भ क्रमांक. तो बँकेच्या मेसेजमध्ये असतो, नाहीतर पासबुकच्या नोंदीत, यूपीआय असेल तर अ‍ॅपच्या हिस्टरीत त्या व्यवहारावर टॅप केलं की बारा आकडी दिसतो. हा नंबर सापडत नाही म्हणून अर्धा तास घालवू नका, नसेल तरी १९३० लावा, तो मागाहून देता येतो.